चार सेकंद

आमच्या गल्लीत दोन दुकानांना मिळून एकच भिंत आहे. भिंतीच्या अलीकडे माझं झेरॉक्सचं दुकान, पलीकडे सेकंदकाकांचं चष्म्याचं. माझ्या मशीनची घरघर त्यांना ऐकू जाते आणि त्यांच्या काचा घासायच्या चाकाची किरकिर मला. बावीस वर्षं आम्ही एकमेकांचे कान असे खातोय, आणि दोघांपैकी एकाचं दुकान बंद असलं की दुसऱ्याला करमत नाही.

सेकंदकाका हे नाव त्यांना धावण्याच्या क्लबात चिकटलं. क्लब म्हणजे तरी काय? चाळीसेक माणसं, एक पत्र्याची पेटी, आठ केशरी शंकू आणि हिवाळा. उन्हाळ्यात आम्ही आपापले धावतो, म्हणजे धावत नाही. थंडी पडली की मात्र पाच शर्यती होतात. दर पंधरा दिवसांनी एक, रविवारी सकाळी सातला, कालव्याच्या कडेने, दहा किलोमीटर. पाचही पुऱ्या केल्या की लोकरीची एक टोपी मिळते. त्या टोपीसाठी शहाणीसुरती माणसं, दोन डॉक्टर धरून, पहाटे गरम पांघरुणातून उठतात. मीही उठते. माझी चाल बघून कुत्रीसुद्धा मागे लागत नाहीत, पण उठते.

काका धावत नाहीत. ते घड्याळ धरतात. गळ्यात काळी दोरी, दोरीला घड्याळ, आणि अंगठा बटणावर असा, जणू कोणी हिसकावून नेणार आहे. माणूस रेषेवर धापा टाकत येऊन कोसळला तरी आधी त्याची वेळ मोठ्याने सांगणार आणि मग पाणी देणार. ‘एक तास नऊ मिनिटं बेचाळीस पूर्णांक तीन.’ एकदा दातांचे डॉक्टर म्हणाले, ‘काका, ते पूर्णांक तीन सोडा की, कोण बघतंय!’ तर काका म्हणाले, ‘सोडतो. मग उद्यापासून चष्म्याचा नंबरही अंदाजानेच देऊ का?’

हा खाष्टपणा त्यांनी उचलला ताईंकडून. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण, पाच वर्षांनी मोठी. आई एका इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होती, उजाडायच्या आत घर सोडायची. धाकट्याला उठवायचं, अंघोळ घालायची, शाळेत न्यायचं, सगळं ताईंच्या गळ्यात. रोज उशीर आणि रोज धावाधाव. घंटा झाली की फाटक बंद व्हायचं. ताई दोन्ही दप्तरं घेऊन पुढे धावायच्या आणि हे महाशय मागून रडत. काका सांगायचे, ‘एक दिवस मला जिंकू दे म्हणून मी रस्त्यात बसकण मारली. ताई थांबली नाही. फाटकापाशी उभी राहून म्हणाली, अरे, खोटं जिंकून करणार काय आहेस?’ हे सांगताना त्यांचा चेहरा असा फुलायचा की ऐकणाऱ्यालाही वाटावं, आपल्याला अशी बहीण हवी होती.

ताई पुढे गणवेश शिवायच्या कारखान्यात लागल्या. काजं करायचं काम. यजमान लवकर गेले, मुलगी एकटीने वाढवली, आणि पंचेचाळिशी उलटल्यावर एका थंडीत भावाला म्हणाल्या, ‘चल, पुन्हा धावू या.’ क्लब सुरू झाला तो असा. कालव्याचा रस्ता त्यांनीच शोधला. टोप्याही त्याच विणायच्या, राखाडी आणि काठाला लाल, वर एक गोंडा. धावायला मात्र सगळ्यांत सावकाश. शेवटून दुसरी मी, शेवटच्या त्या. मागून त्यांचा आवाज यायचा, ‘झेरॉक्सबाई, जरा ढेंगा टाका, नाहीतर मी पुढे जाईन हं!’ आणि मी खरंच घाबरून पळायचे.

सात हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट. पाचवी शर्यत होती. त्या वर्षी चार शर्यती ताईंनी कशाबशा वेळेत बसवल्या होत्या. तेव्हा क्लबाचा नियम होता, सव्वा तासात रेषा ओलांडायची, नाही तर बाद. नियम दोघांनी मिळूनच केला होता. माझ्या मागे ताई नेहमीच्या अंतरावर होत्या, निदान मला तसं वाटत होतं. मी रेषेवर आले, वळून पाहिलं तर रस्ता रिकामा. एक मिनिट गेलं, दोन गेली. मग धुक्यातून ताई आल्या, नेहमीपेक्षा जोरात, तोल गेल्यासारख्या. आम्ही सगळे ओरडायला लागलो. विजेच्या खांबापासून रेषा वीस पावलं असेल. खांब ओलांडून त्या निम्म्यावर आल्या आणि काकांच्या घड्याळात सव्वा तास पुरा झाला.

ताई रेषेवर आल्या. काका म्हणाले, ‘बाद, ताई. चार सेकंद.’

कोणीतरी हसलं. मीही हसले, हे कबूल करते. वाटलं, भावाबहिणींची थट्टा चाललीय, आता काका हसतील आणि वेळ लिहितील. ते हसले नाहीत. ताईंनी मात्र भावाच्या गालावर हात फिरवला आणि म्हणाल्या, ‘चारच का रे? मला वाटलं जास्त असतील.’ त्यांनी अंगात कोट घातला, पेटीतून टोप्या काढल्या आणि स्वतः विणलेल्या सतरा टोप्या सतरा जणांच्या डोक्यावर आपल्या हाताने चढवल्या. अठरावी पेटीतच राहिली.

दोन महिन्यांनी त्या मुलीकडे राहायला गेल्या. बसने तीन तासांवरचं गाव. क्लबात पुन्हा आल्या नाहीत.

भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. भांडण मिटवता येतं. इथे तर दर रविवारी दुपारी फोन व्हायचा. भिंत पातळ, माझे कान तिखट, त्यामुळे काकांची बाजू मला पाठ झाली होती. ‘गुडघा कसा आहे? गोळ्या घेतेस ना? पोरगी बरी आहे?’ मग थोडं थांबून, आवाज जरा वरच्या पट्टीत नेऊन, ‘हिवाळ्यात येतेस का मग? चार दिवस?’ मग ‘बरं. बरं, काही हरकत नाही.’ फोन ठेवला की चाक सुरू व्हायचं. चाकावर काच असली की किरकिर होते, नसली की नुसतं घूं. रविवारी दुपारी बराच वेळ नुसतं घूं ऐकू यायचं.

पुढच्याच हिवाळ्यात त्यांनी सव्वा तासाचा नियम काढून टाकला. कोणाला विचारलं नाही, कोणी विचारायला गेलं नाही. शेवटचा माणूस येईपर्यंत घड्याळ चालू. शेवटचा माणूस म्हणजे आता मीच. ताई गेल्या आणि शेवटचा नंबर माझ्याकडे वारशाने आला. पण मी आल्यावरही काका शंकू उचलायचे नाहीत. पंधरा मिनिटं तसेच खांबाकडे बघत उभे.

‘काका, माझ्या मागे कोणी नाही,’ मी एकदा म्हटलं.

‘माहीत आहे.’

‘मग?’

‘मग तू घरी जा. घाम वाळला की सर्दी होते.’

मला त्यांचा राग यायचा. खरंच यायचा. एवढं बहिणीवाचून अडतंय तर बसमध्ये बसावं आणि जाऊन पाय धरावेत! तसं एकदा बोलून दाखवलं तर म्हणाले, ‘गेलो होतो. दोनदा. इतकी छान वागली की विषयच काढता आला नाही.’ चष्म्याच्या दुकानातल्या खणात, कापसाच्या बोळ्यांशेजारी, ती अठरावी टोपी होती. महिन्यातून एकदा तिला ऊन दाखवायचे, कसर लागू नये म्हणून.

या वर्षी थंडी लागतानाच त्यांची भाची आली. ताईंची मुलगी. आली ती आधी माझ्याकडे, एका कागदाच्या दोन प्रती काढायला. झेरॉक्सवाल्याने लोकांचे कागद वाचू नयेत, हे मी पाळते, पण चित्र दिसायचं ते दिसतंच. दोन गोल होते. कडेने सगळे काळेकुट्ट, आणि मधोमध बोराएवढा पांढरा ठिपका. वर ताईंचं नाव.

‘हे काय गं?’ मी विचारलं.

‘आईला दिसतं ते एवढंच,’ ती म्हणाली. ‘काचबिंदू. समोरचं दिसतं, बाजूचं सगळं गेलंय. इथे होती तेव्हापासूनच जायला लागलं होतं, आम्हाला नंतर कळलं. औषधाने आता थांबलंय, पण गेलेलं परत येत नाही.’

‘आणि काकांना ठाऊक नाही?’

‘मामाला सांगू नको म्हणून शपथ घातली होती तिने. म्हणाली, त्याचा धंदाच डोळ्यांचा, तो जन्मभर स्वतःला खात बसेल. पण आता मला राहवत नाही. ती एकटी घराबाहेर पडत नाही, आणि हिवाळा आला की खिडकीत बसून असते.’

ती पलीकडे गेली. मी मशीन बंद केलं. भिंतीला कान लावायची गरजच नव्हती. पलीकडून कसलाच आवाज आला नाही, चाकाचाही नाही.

तासाभराने, भाची बसला गेल्यावर, काका माझ्या दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, ‘दर वर्षी मी तिचा नंबर काढायचो. तक्त्यावरची शेवटची ओळ, बारीक अक्षरांची, घडाघडा वाचायची. मी म्हणायचो, ताई, तुझे डोळे म्हणजे पोरीचे डोळे. समोरचं सगळं वाचायची गं ती! चाळिशी उलटलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी सांगतो, डॉक्टरकडे जाऊन डोळ्यांचा दाब तपासून घ्या. अनोळखी माणसांना सांगतो. तिला नाही सांगितलं. का, तर शेवटची ओळ वाचते.’

मी त्यांना स्टूल दिलं. ते बसले नाहीत. ‘त्या दिवशी ती तुझ्या मागून कुठे चुकली ते बघायचंय. माझ्याबरोबर कालव्यावर येतेस?’ म्हणाले.

नंबर काढताना डोळ्यांवर चढवतात ती गोल, जड चौकट त्यांनी बरोबर घेतली होती. त्यात काचांऐवजी काळ्या पुठ्ठ्याचे दोन तुकडे बसवलेले, प्रत्येकाला मधोमध टाचणीच्या डोक्याएवढं भोक. शर्यतीच्या रस्त्यावर, सातव्या किलोमीटरच्या अलीकडे त्यांनी ती डोळ्यांवर चढवली आणि चालायला लागले. एका हाताने माझी बाही धरली होती. दहा पावलांत दोनदा ठेचकाळले. येणारेजाणारे बघत होते. एरवी मी मान खाली घातली असती, पण त्या दिवशी ज्याने त्याने आपल्या वाटेने जावं असं मी सगळ्यांकडे बघितलं.

त्या रस्त्यावर एक वळण आहे. गोदामाच्या आधी डावीकडे पूल लागतो आणि पुलाच्या कठड्यावर, डाव्या हाताला, आमचा बाण रंगवलेला आहे. ढळढळीत पांढरा, वीतभर जाड. काका त्याच्या शेजारून सरळ पुढे गेले. मी बाही ओढली नाही. गोदामाच्या भिंतीला हात टेकल्यावर ते थांबले.

‘बाण कुठे आहे?’

‘मागे राहिला, काका. डाव्या हाताला.’

त्यांनी चौकट काढली. कठड्याकडे बघितलं, मग गोदामाकडे, आणि ओठ हलवत पावलं मोजत बाणापर्यंत परत आले. ‘जाऊन येऊन तीन मिनिटं,’ म्हणाले. ‘धुक्यात, बाजूचं दिसत नसताना ती तीन मिनिटं चुकली, आणि ती सगळी तिने भरून काढली, फक्त चार सेकंद राहिले. माझी ताई त्या दिवशी जन्मात धावली नव्हती इतकी जोरात धावली. आणि मी तिला बाद म्हटलं.’ मग त्या कठड्याला टेकून ते रडले. एकसष्ट वर्षांचा माणूस, दुपारी तीन वाजता, भर रस्त्यात.

त्या रविवारी फोनवर त्यांनी गुडघ्याचं विचारलं नाही. माझ्या कानावर आलं ते असं: ‘ताई, तुला बाण दिसला नव्हता ना?’ मग, ‘मला वाटलं तू रागावलीस. सात वर्षं वाटत होतं... अगं, रागावली असतीस तर बरं झालं असतं.’ मग ताई काही बोलल्या असाव्यात. ‘नाही, पोरीला बोलू नकोस. मी तुझ्या पाया पडतो, तिला बोलू नकोस.’ आणि मग एकदम लहान मुलासारखं, ‘ये ना गं. शर्यतीला नको. मौजेच्या धावण्याला ये. त्या दिवशी घड्याळच नसतं.’

हे खरं होतं. वर्षाच्या शेवटच्या रविवारी आमचं मौजेचं धावणं असतं. तीन किलोमीटर, सोंगं घेऊन. पायांत घुंगरं, गळ्यात घंटा, ज्याला जे सुचेल ते. आणि सुरुवातीच्या रेषेवर प्रत्येकाने आपलं घड्याळ पत्र्याच्या पेटीत टाकायचं. कोणाला किती वेळ लागला हे त्या दिवशी विचारायचंसुद्धा नाही. पेटी सांभाळायचे काका. त्या दिवशी त्यांना काही काम नसायचं आणि त्यांच्याइतका केविलवाणा माणूस गावात नसायचा.

या वेळी दातांचे डॉक्टर अख्खी दाढ होऊन आले होते आणि त्यांना दारातून गाडीत बसवायला तिघे लागले होते. मी आणि माझी वहिनी सारखेच कपडे, सारखीच वेणी, सारखाच चष्मा घालून गेलो. मी मूळ प्रत, ती झेरॉक्स. ती माझ्यापेक्षा गोरी आहे, तेव्हा मशीनची शाई संपत आलीय असं सगळ्यांना सांगून आम्ही पुष्कळ भाव खाल्ला.

मग भाचीचा हात धरून ताई आल्या आणि आमची चेष्टा थांबली. वाळल्या होत्या. मान थोडी इकडेतिकडे वळवत, एकेकाचा चेहरा त्या बोराएवढ्या ठिपक्यात पकडत त्या सगळ्यांकडे बघत होत्या. माझ्यावर नजर आली तेव्हा थांबल्या. म्हणाल्या, ‘झेरॉक्सबाई! अजून ढेंगा छोट्याच का?’ मी हसायला तोंड उघडलं आणि रडू आलं.

काकांनी गळ्यातलं घड्याळ काढलं, पेटीत टाकलं आणि पेटी माझ्या हातात दिली. ‘आज तू सांभाळ. मी धावतो.’ मग खिशातून टोपी काढून ताईंच्या हातात ठेवली.

ताईंनी बोटांनी काठ चाचपला, गोंडा चाचपला. ‘ही माझीच की रे. ठेवलीस?’

‘घाल.’

‘छे! माझी पाचवी कुठे पुरी झाली?’ टोपी त्यांनी परत त्याच्या खिशात कोंबली. ‘रेषा ओलांडली की दे. खोटी टोपी घालून करणार काय आहे?’

रेषेवर लावायची लाल फीत पेटीत असते. काकांनी तिचं एक टोक आपल्या मनगटाला बांधलं, दुसरं ताईंच्या. मध्ये हातभर अंतर ठेवलं. शिटी झाली, घुंगरं वाजली, दाढ पहिल्याच वळणावर आडवी झाली, आणि सगळ्यांच्या मागून ती दोघं निघाली. काका सारखे बोलत होते. ‘आता उजवीकडे. इथे खड्डा. पाय उचल. शाबास.’ आणि ताई म्हणत होत्या, ‘हळू ओरड, डोळे गेलेत, कान नाही गेले.’

मी पेटी घेऊन शेवटच्या रेषेवर उभी राहिले. मौजेचं धावणं असलं तरी सवयीने कोणीतरी खडूने रेषा आखतंच. एकेक सोंग आलं, पाणी प्यालं, घंटा वाजवत उभं राहिलं. सगळे आले. मग रस्ता रिकामा झाला, धुकं होतं, आणि आम्ही सगळे त्या खांबाकडे बघत होतो. काका सात वर्षं कसे उभे राहत असतील ते मला त्या दिवशी कळलं.

दोघं आली. फीत सैल लोंबत होती, पावलं एकाच तालात पडत होती. खांब गेला. आम्ही टाळ्या वाजवायला लागलो. ती वीस पावलं संपली, खडूची रेषा त्यांच्या पायांखालून गेली, आणि मला वाटलं आता काका थांबतील, टोपी काढतील.

‘आली का रे रेषा?’ ताईंनी विचारलं. त्या समोर बघत होत्या आणि समोर नुसता रस्ता होता.

काकांनी खाली बघितलं नाही. आमच्याकडेही बघितलं नाही. ‘नाही ताई. अजून थोडी पुढे आहे.’

‘मग टाळ्या कसल्या?’

‘मागून येणाऱ्यांसाठी.’

मागे कोणीही नव्हतं. आम्ही टाळ्या थांबवल्या. रेषा आली म्हटलं असतं तर दोघांचं धावणं तिथेच संपलं असतं. काकांच्या खिशातून टोपीचा लाल गोंडा बाहेर आला होता आणि पावलागणिक हलत होता. बेचाळीस पूर्णांक तीनमधले तीन न सोडणारा माणूस बहिणीला घेऊन रेषेच्या पुढे, कालव्याच्या रस्त्याला लागला होता.

‘आली की सांग हं,’ ताईंचा आवाज आला.

‘सांगतो,’ काका म्हणाले. आणि त्यांनी सांगितलं नाही.